धारला ठेवलेलं प्रस्थान

२७ जानेवारी, मंगळवार. देवास

नाही म्हणाले.

दुपारी पंड्याजींचा फोन आला. बसस्टँडसमोर त्यांचं ट्रॅव्हल्सचं दुकान, माझा व्हिसाचा अर्ज त्यांनीच भरला होता. "अंकल, जरा दुकान पे आ जाओ." आवाज पडलेला होता, पण मला कसलं कळतंय. वाटेत पाव किलो कलाकंद घेतला आणि व्हिसा आलाच अशा थाटात दुकानात शिरलो.

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. एकच पान. इंग्रजी येतं मला, फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये जन्म गेला, तिथली चलनं इंग्रजीतच असायची. तरी पुन्हा पुन्हा वाचलं. अर्जदाराचे स्वदेशात पुरेसे कौटुंबिक बंध नाहीत. मुदत संपल्यावर अर्जदार परत जाईल याची आमची खात्री पटत नाही.

पंड्याजी म्हणाले, "मतलब इनको लगता है आप लौटोगे नहीं."

मी? मी परत येणार नाही? अहो, ज्या माणसाने उभ्या जन्मात इंदूरला मुक्काम केला नाही, शेवटच्या बसला लोंबकळत का होईना पण देवासला येऊन आपल्याच गादीवर पडला, तो म्हणे तिकडे राहून जाणार!

कलाकंद दुकानातच राहिला. खाल्ला असेल त्यांनी. खावा.

त्या देशाचं नाव आजपासून लिहिणार नाही. नुसतं 'तिकडे' लिहीन.


२८ जाने., बुधवार

झोप नाही. पुन्हा पुन्हा तेच वाक्य.

केतकीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, टेन्शन मत लो. मी मॅनेज करीन." एकुलती एक मुलगी, तिकडे पहिलं बाळंतपण, दिवस पाडव्याच्या आसपासचे. तिची सासू डायलिसिसवर, तिला घराबाहेर पडता येत नाही. जावई निखिल चांगला आहे, पण त्याला सुट्टी आठवडाभराचीच. आणि ही म्हणते मॅनेज करीन.

आज आंघोळ करताना एकदम डोक्यात आलं आणि तांब्या हातात तसाच राहिला. केतकीची आई, माझी शुभा असती तर बाळंतपणाला तीच गेली असती. मी इथे मागे राहिलो असतो, तिचा 'कौटुंबिक बंध' म्हणून, आणि त्यांनी तिला आनंदाने जाऊ दिलं असतं. शुभा नाही म्हणून मला जायचंय. शुभा नाही म्हणूनच मला जाऊ देत नाहीत.

हे कोणाला सांगू? शेजारच्या राजेशला सांगितलं. तो म्हणाला, "भिया, शादी कर लो. बंध हो जाएगा." हसलो नाही.


२९ जाने.

पं.जींकडे पुन्हा. दुसरा अर्ज करता येतो म्हणाले, पण नवीन काहीतरी दाखवायला हवं. खेत? नाही. सतवासला काकांचं होतं, ते त्यांनीच विकलं. दुकान, धंदा? नाही. घर आहे. ते तर पहिल्याच अर्जात दाखवलं होतं. "घर पे ताला लग जाता है, अंकल. घर किसी को वापस नहीं बुलाता."

मग त्यांनी माझं पत्र काढलं. अर्जासोबत मी स्वतः लिहिलेलं, मोठ्या हौसेनं. त्यात मी लिहिलं होतं की माझी पत्नी हयात नाही, तरी काळजी नसावी, बाळंतिणीचं सगळं मी शिकलो आहे. डिंकाचे लाडू येतात, अळिवाची खीर येते, शेक-शेगडी येते, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालता येतं. (भोपळ्यावर शिकलो. मालिशवाल्या जमनाबाईंनी समोर बसून शिकवलं. "साहब, मुंडी पकड़ो, मुंडी!" भोपळा दोनदा निसटला, मग नाही.)

पं.जी कपाळाला हात लावून म्हणाले, "ये क्यों लिख दिया आपने? उधर बच्चा सँभालना काम में गिनते हैं. घूमने के वीज़े पे काम नहीं कर सकते."

आजोबाने नातवंडाला आंघोळ घातली तर ते काम! मी आ वासून बघत राहिलो. मजुरीला जातोय का मी? पं.जी म्हणाले, सगळे लिहितात तसं लिहायचं, मुलीला भेटायला आणि फिरायला. काय फिरणार आहे मी तिकडे, तिच्या पोटाभोवती?

त्यांनीही ते न वाचताच जोडलं होतं; मी आधी कोणाला तरी दाखवायला हवं होतं. पण मला वाटलं, आपण किती लायक आहोत हे कळलं की लगेच बोलावतील.


३० जाने.

आणि पासपोर्ट धारला आहे!

पं.जींना हे समजावता समजावता नाकी नऊ आले. त्यांना पासपोर्टच्या सगळ्या पानांचे नवे फोटो हवेत, उद्या आणतो असं बोलून गेलो आणि मग आठवलं. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने ठरवलेल्या जोशीबुवांनी मला जाण्यासाठी दिवस काढला होता गेल्या आठवड्यातल्या गुरुवारचा. त्यानंतर पाडव्यापर्यंत म्हणे तसा दिवस नाही. पण व्हिसा कुठे हातात होता? तेव्हा अक्का म्हणाली, "मग प्रस्थान ठेव. दिवस साधून आपली वस्तू वेशीबाहेर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवली की माणूस निघाला असे धरतात. आबासुद्धा असेच करीत." वेशीबाहेरचं घर म्हणजे अर्थात तिचं, धारचं. मी हे मानत नाही. पण अक्काने हुकूम सोडला की मी मानतो.

काय ठेवू, विचारलं तर म्हणाली, "सुपारी, हळकुंड, तांदूळ आणि जिच्यावाचून तुला जाता येणार नाही अशी एक वस्तू." मी शहाण्याने पासपोर्ट ठेवला. शुभाच्या मऊ लुगड्याचं बाळासाठी शिवलेलं दुपटं, आणि त्यात पासपोर्ट. अर्ज कॉम्प्युटरवरून गेलेला, बोटांचे ठसे अहमदाबादला देऊन झालेले, हो म्हणतील तेव्हाच पासपोर्ट पाठवायचा होता. म्हटलं, आता काय, हो म्हणणारच आहेत.

आज फोन केला. म्हटलं, अक्का, गाठोडं घ्यायला येतोय.

"घ्यायला? कुठे नेणार?"

"देवासला. पुन्हा अर्ज करायचाय."

"प्रस्थान मागे नेत नाहीत मधू."

"अगं, नाही म्हणालेत ते!"

"ते नाही म्हणाले असतील. तू तर निघालास ना? तुला हवे तर तू इकडे ये. गाठोडे देवासची वेस पाहणार नाही."

फोन ठेवला. बासष्ट वर्षांचा आहे मी.


१ फेब्रुवारी, रविवार. धार

आलो. कपड्यांची एक पिशवी, रोजनिशी, औषधं. देवासच्या घराला कुलूप. पं.जींचं वाक्य आठवलं.

अक्का चौऱ्याहत्तर पूर्ण. मी जेवायला बसलो तर स्वतः गच्चीवरून पापडांची परात घेऊन खाली आली. तात्या, म्हणजे तिचे यजमान, फार लवकर गेले. मूलबाळ नाही. तेव्हापासून भाजणी, मेतकूट आणि कसले कसले मसाले करून विकते, इंदूरची मराठी घरं तिच्याकडून नेतात. माझं कॉलेजही त्याच कढईतून निघालं. मदतीला सुमनबाई येतात, त्यासुद्धा तिच्यापुढे धापा टाकतात.

गाठोडं देवघरात, कोनाड्यात. हळदीकुंकू वाहिलेलं. अक्काने स्वतः सोडलं, पासपोर्ट समोर धरला, मी पानांचे फोटो काढले, पुन्हा बांधून ठेवलं. "झाले तुझे काम? मग कशाला न्यायचे होते?"

फोटो पं.जींना पाठवून दिले.


५ फेब्रु., गुरुवार

बसस्टँडवर आज एक गोरं जोडपं. पाठीवर ही मोठाली ओझी. मांडूची बस कोणती म्हणून मलाच विचारलं. दाखवली. कुठून आलात विचारलं, तर तिकडचेच! केतकीच्या शहरापासून तास-दोन तासांवर राहतात म्हणे.

मला राहवलं नाही. विचारलं, व्हिसा कसा मिळाला? मोबाईलवर, म्हणाला. घरी सोफ्यावर बसून भरला, चार दिवसांत आला. कोणी ठसे मागितले नाहीत, कुठे जावं लागलं नाही.

मी विचारलं, "तुम्ही परत जाल याचा पुरावा?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. दोघं एकमेकांकडे बघायला लागली. ती बाई हसून म्हणाली, पण आमचं घर तिकडे आहे ना.

माझंही आहे, म्हणालो. तिला वाटलं मी गंमत करतोय. चांगली माणसं होती. बस सुटेपर्यंत हात हलवत होती. मला त्यांचा राग येत नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. घरी येऊन अक्काला सांगितलं तर म्हणाली, "मांडूला आता काय आहे बघायला? पाणी आटलेले." झालं.


७ फेब्रु., शनिवार

पं.जींचा फोन. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडलाय. "अंकल, आपकी बहन हैं ना धार में? अकेली? बुज़ुर्ग? अरे तो यही तो है आपका बंध!" एक शपथपत्र करायचं. अक्काने लिहून द्यायचं की माझा सांभाळ करणारा हा एकटाच भाऊ, ह्याला परत यावंच लागेल. मसुदा मोबाईलवर पाठवला.

जेवणं झाल्यावर अक्काला वाचून दाखवला. "मैं वृद्ध एवं असहाय हूँ, तथा अपने भाई पर पूर्णतः आश्रित हूँ, उसके बिना मेरा..."

"थांब. कोण असहाय?"

"अगं, लिहायचं असतं तसं."

"आश्रित कोण?"

मी मोबाईल खाली ठेवला.

"ऐक मधू. हे गेले तेव्हा मोठ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, आमच्याकडे राहा, दोन घास खा. आश्रित म्हणून. त्या दिवशी कढई आणली मी. तेव्हापासून कोणाची आश्रित नाही. तुझी तर नाहीच नाही, तुझी फी मी भरलीये. तुझ्या त्या साहेबाला खरे लिही. लिही की भाऊ आश्रित आहे, बहिणीच्या घरी जेवतो."

भांडी घासायला निघून गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

तिचं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. आता काय करायचं?


९ फेब्रु., सोमवार

केतकीचं बी.पी. वाढलंय. डॉक्टरने पडून राहायला सांगितलंय. हे तिने नाही, निखिलने सांगितलं, ती आत झोपली असताना. मग ती स्वतःच स्क्रीनवर आली. पाय दाखव म्हटलं, दाखवेना. शेवटी दाखवले. सुजून उशांसारखे झालेत. शुभाचे असेच झाले होते केतकीच्या वेळी, आणि तेव्हा अक्का दोन महिने देवासला येऊन राहिली होती.

"बाबा, नाही जमलं तर रहने दो ना. इथे नर्स येते एक दिवस. यूट्यूबवर पण असतं सगळं."

अक्का मागे उभी होती, मला माहीत नव्हतं. केतकी रडत नव्हती, पण आवाज धरून बोलत होती. फोन संपला. अक्का ज्वारी निवडत बसली.


१० फेब्रु.

सकाळी बघतो तर अक्का गर्भरेशमी लुगडं नेसून दारात उभी. "चल. कुठे तो नोटरी?"

कोर्टाबाहेर टेबलं मांडून बसतात ते. वकीलसाहेबांनी कागद पुढे केला. "अम्मा, पढ़ लिया?"

"पढ़ लिया. झूठ है. साइन कहाँ करना है?"

वकीलसाहेब पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी जमिनीकडे. अक्काने ठसठशीत मोडीवळणी सही केली आणि म्हणाली, "लड़की के पाँव सूजे हैं. इसके लिए भगवान मुझे दो-चार चाँटे मारेगा, मार ले."

घरी आल्यावर चहा ठेवला आणि उजवा हात लुळा सोडून, मान वाकडी करून माझ्यासमोर उभी राहिली. "घे रे बाबा, असहाय बाईच्या हातचा चहा." मी पोट धरून हसलो. नकला तिला पहिल्यापासून येतात.


११ फेब्रु.

अर्ज गेला. घूमने जा रहा हूँ.


१९ फेब्रु.

काही नाही. अक्काचं नाटक रोज चालू आहे. भाजणीचं भलंमोठं पातेलं उचलते आणि वाटेत थांबून हात लुळा सोडते. "अरे धर, मी आश्रित आहे ना!" सुमनबाईंनाही सवय झाली. त्या हसून हसून बेजार.

मी तिला विचारलं, तुला खरंच माझा आधार लागत नाही का?

म्हणाली, "लागतो ना. गच्चीवरचा बल्ब गेलाय."

बदलला.


२६ फेब्रु.

काही नाही. पं.जींना रोज फोन करतो, ते आता दोन रिंग झाल्या की कापतात. केतकीचे पाय तसेच. मी भोपळा आणलाय. अक्का म्हणाली, भाजी करू का? म्हटलं, नको, सराव आहे. तिने पाट आणून दिला आणि समोर बसून बघितलं. मग म्हणाली, "टाळूला हात असा नाही, असा." तिने माझा हात धरून नीट केला. तिला कसं माहीत? केतकीच्या वेळी हिनेच तर घातलं होतं न्हाऊ.


४ मार्च, बुधवार. धुळवड

हो म्हणाले! हो!

पं.जी फोनवर ओरडत होते, "अम्माजी का काग़ज़ काम कर गया, अंकल!" मी अक्काला उचलायचंच बाकी होतं. तिने गूळ हातावर ठेवला. केतकी आज मात्र रडली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी.

पासपोर्ट अहमदाबादला पाठवायचा, ते शिक्का मारून परत पाठवणार. अक्काला भीत भीत विचारलं. म्हणाली, "पुढे गेला तर चालतो. मागे नको." अहमदाबाद धारच्या पुढे आहे, देवास मागे. एवढी वर्षं नकाशाकडे मी असं पाहिलंच नव्हतं.

तिकीट १४ चं रात्रीचं, अहमदाबादहूनच. दुपारची टॅक्सी सांगून ठेवली. येणं २० जूनला, तेही आधीच काढलंय. येतोय म्हणून सांगा त्यांना.


८ मार्च. रंगपंचमी

धार रंगात बुडालंय. अक्काने खिडकीतून मला पिचकारी मारली. या वयात! डिंकाचे लाडू झाले. तीन महिन्यांत किती बारीक होऊन येशील म्हणत माझ्यासाठी वेगळे.


९ मार्च, सोमवार

काय लिहू?

सकाळी अक्का भाजणीची ज्वारी भाजत होती. मी बाहेर पेपर वाचत होतो. झारा पडल्याचा आवाज आला. आत गेलो. ती कट्ट्याला टेकून उभी, उजवा हात लोंबत, मान एका बाजूला, तोंड वाकडं.

मी हसलो.

मी म्हणालो, "पुरे झालं नाटक. व्हिसा मिळाला आता."

ज्वारी करपायला लागली तेव्हा मला कळलं. तिने ज्वारी कधी करपू दिली नसती.

सुमनबाई, शेजारचे दोघे, रिक्षा, दवाखाना. डॉक्टर म्हणाले लकवा आहे, उजवी बाजू. बोलणंही गेलंय. "उमर है. थोड़ा लौटेगा, कितना, अभी नहीं कह सकते."

मी हसलो होतो.


१० मार्च. दवाखाना

तिला खायला घातलं. पातळ मुगाची खिचडी, चमच्याने. ओघळ पुसला. तिने डोळे मिटून घेतले होते. लाजेने, दुसरं काय.

शपथपत्रातलं अक्षर न् अक्षर खरं झालंय. वृद्ध. असहाय. पूर्णतः आश्रित. मी असलं काही मानत नाही. एक सही केल्याने कुणाला लकवा होत नाही, बी.पी. तिलाही होतं आणि तिने गोळ्या कधी घेतल्या नाहीत, डॉक्टर म्हणालेच. पण त्या टेबलापाशी तिला नेलं कोणी?


११ मार्च

कुरियरवाला घरी येऊन गेला, सुमनबाईंनी पाकीट दवाखान्यात आणून दिलं. पासपोर्ट. आत व्हिसा, माझा फोटो, कसलं कसलं चमकणारं चित्र. सुंदर छापलाय.

केतकीला अजून सांगितलेलं नाही.


१२ मार्च, गुरुवार

निखिलला सांगितलं. त्याने तिला सांगितलं असणार, कारण तासाभरात तिचा फोन. "बाबा, तुम्ही आत्याजवळ थांबा. मेरी क़सम." मग नुसता श्वास ऐकू येत होता. बी.पी. अजून उतरलेलं नाही. सोमवारी तिला दाखल करून घेणार आहेत, वाट बघणार नाहीत म्हणे.

पं.जी म्हणाले, "अभी नहीं गए तो आगे का भरोसा नहीं, अंकल. और काग़ज़ पे जो लिखा है, वो आदमी तो..." एवढंच म्हणून फोन ठेवला.

त्या साहेबाला कळवायला हवं. माझे कौटुंबिक बंध पुरेसे आहेत. इतके आहेत की जागचं हलता येत नाही.


१३ मार्च

अक्काला घरी आणलं. सुमनबाई म्हणतात, "भैयाजी, आप जाओ, मैं दिन-रात रह लूँगी." त्या राहतील. प्रेमाने राहतील. पण रात्री अक्काला उठवायला दोन माणसं लागतात आणि तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला चालत नाही, ती अंग ताठ करते. मी धरलं की सोडते.

पासपोर्ट पुन्हा दुपट्यात बांधून कोनाड्यात ठेवला. दुसरीकडे ठेवायचा धीर झाला नाही.

टॅक्सी रद्द केलेली नाही. नक्की ये असंही पुन्हा कळवलेलं नाही. फोन हातात घेतो आणि ठेवतो.


१४ मार्च, शनिवार

सकाळपासून अक्का देवघराकडे बघून काहीतरी म्हणतेय. "म... म..." मधू म्हणतेय असं वाटलं. पाणी दिलं, नको. पांघरूण, नको. देव हवेत का, तसबीर आणून दिली, डाव्या हाताने बाजूला केली. चिडली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. शेवटी गाठोडं आणून समोर धरलं. हो म्हणून मान हलवली.

मांडीवर ठेवलं. डाव्या हाताने ती गाठ चाचपत राहिली. मग तिने ते ढकललं. माझ्याकडे नाही, दाराकडे. कॉटवरून खाली पडलं. "जा" म्हणायचं होतं तिला, ओठ तसे झाले, आवाज आला नाही.

मी खाली वाकून ते उचललं. म्हटलं, "अक्का, जाऊ? खरंच जाऊ?"

मान हलवली. हो. पुन्हा, हो. रागावून, हो.

मी उठायला लागलो तर उठता येईना. तिने माझी बाही धरली होती.

तिला आता एकच हात आहे. त्याच हाताने तिने गाठोडं ढकललं आणि त्याच हाताने मला धरलंय. चेहरा दाराकडे, डोळे रागावलेले, जा म्हणून सांगणारे. मूठ मात्र सुटत नाही. ती मुद्दाम धरतेय का तिच्या मुठीला सोडणं कळत नाही, मला समजत नाही. तिलाही समजत असेल का?

म्हणून तसाच बसून लिहितोय. डाव्या बाहीला अक्का, उजव्या हातात पेन, मांडीवर दुपट्यातला पासपोर्ट. सुमनबाई दारात उभ्या आहेत. फोनवर केतकीचं नाव दोनदा येऊन गेलं.

काल रात्री टॅक्सी रद्द करायची राहून गेली होती. बाहेर गाडीवाला हॉर्न देतोय.